पट्टे नसलेला वाघ

त्या दिवशी हॉलमधे आम्ही चौघं होतो. मी, ज्यांच्या घरी मी काम करते त्या अक्का, त्यांचा मुलगा, आणि के. आर. पुरमहून बोलावलेले नाणी पारखणारे अण्णा. अक्कांचे यजमान, साहेब, नव्हते. ते वारल्याला काही महिने झालेले. नाणी सगळी त्यांचीच.

कपाट पुसायचं काम माझं. साहेब दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचे नाहीत, म्हणून किल्ली माझ्या कमरेला. तेव्हा त्याचा मान वाटायचा.

त्यात निकेलचा एक जुना रुपया होता. एका बाजूला राजा, दुसऱ्या बाजूला चालता वाघ. साहेब सांगायचे, हा कधी बाजारात गेलाच नाही, टाकसाळेतून निघाला तो थेट डबीत. मुलानं हे लहानपणापासून ऐकलेलं. त्यानं डबी उघडली तर वाघाच्या खांद्यावर पट्टेच नाहीत, नुसतं सपाट. हा असाच होता का, म्हणून त्यानं मला विचारलं. मी म्हटलं, "होय दादा, पहिल्यापासून सवकलच आहे."

आमच्या घरी मराठीच बोलतात, पण आनेकलकडचे कन्नड शब्द तोंडात बसलेत. ज्या नाण्याचं तोंड नीट दिसत नाही ते आमच्यात सवकल. पण हा मुलगा इथल्या कन्नड शाळेत शिकलेला, त्याला त्या शब्दाचा खरा अर्थ ठाऊक. सवकल म्हणजे हातोहात फिरून झिजलेलं.

तो माझ्याकडं बघतच राहिला. "बाबा म्हणायचे कुणी वापरला नाही. तुम्ही म्हणता झिजलेला. मग पट्टे काय वाघानंच चाटून पुसले, मावशी?"

तेव्हा कळलं मला. चांगला रुपया काढून झिजलेला ठेवला, असं त्याच्या मनात आलं. आणि किल्ली माझ्याकडं. दाराशी माझी पिशवी होती, तिच्याकडं अक्कांनी एकदा बघितलं.

नवरा गेला तेव्हाही अशी भ्याले नव्हते मी. तेव्हा काय करायचं ते समोर होतं, पोरगी होती, कामं होती. इथं करण्यासारखं काहीच नव्हतं. पोलीस आले तर काय सांगायचं? पोरगी बोम्मसंद्राला कारखान्यात जाते, तिथं बायका काय म्हणतील? खाली बसावंसं वाटलं, पण बसले तर चोर वाटेन म्हणून उभीच राहिले.

पारखणाऱ्या अण्णांनी रुपया मागून घेतला. भिंग नंतर लावलं. आधी दिव्याखाली नुसताच हळूहळू कलता केला, पुन्हा मागं, पुन्हा पुढं. मला वाटलं, हा माणूस आता माझा निकाल सांगणार.

ते म्हणाले, "हा सवकल नाही. हा वाघ जन्मला तोच असा. निकेल कडक असतं, साच्याचा ठोका कमी पडला की पट्टे उमटतच नाहीत. झिजला असता तर खांद्यावरची चमक मेली असती."

मग त्यांनी खरोखर फिरलेला एक रुपया शेजारी धरला. तो कितीही कलता केला तरी त्याचा खांदा काळपटच राहायचा. आमच्या वाघाच्या अंगावरून मात्र उजेड न अडखळता जायचा, सपाट जागेवरूनसुद्धा. त्याची कडही धारदार होती. बाजारानं ह्याला काही केलं नाही, म्हणाले, टाकसाळेनंच उपाशी ठेवलं.

मुलगा बराच वेळ रुपया कलता करून बघत होता. मग काहीतरी म्हणाला. मला वाटलं, सॉरी म्हणाला. नंतर अक्कांना विचारलं तर त्या म्हणाल्या, "नाही गं, सरी म्हणाला तो." सरी म्हणजे कन्नडमधे ठीक आहे.

किल्ली मी त्याच दिवशी अक्कांच्या हातात दिली. काम अजून करते, कपाट सोडून.

नातीकडून हे लिहून घेतलंय. वाचणाऱ्यांना एवढंच सांगणं, घरात जुनं सपाट नाणं निघालं तर आधी ते दिव्याखाली कलतं करून बघा. कुणाच्या पिशवीकडं मग बघा.