एका मुक्कामाची बॅग

माझ्या जुन्या बॅगेचा पट्टा तुटला तो जळगावच्या बस स्टँडवर, ऐन गर्दीत. जेवणाचा डबा घरंगळत पारोळ्याच्या गाडीखाली गेला. कंडक्टरने तो पायाने बाहेर ढकलला आणि म्हणाला, साहेब, आता तरी नवी घ्या. त्याचं काय जातंय बोलायला! पण पट्ट्याला मी आधीच दोनदा टाके घालून घेतले होते, तिसऱ्यांदा घ्यायला गेलो तर चांभारानेच हात जोडले. ऑफिसात तर त्या बॅगेला पेन्शन द्या म्हणून कधीपासून चिडवत होते.

खरी अडचण वेगळीच होती. एक्कावन्न वर्षांच्या आयुष्यात मी स्वतः बॅग कधी विकत घेतलीच नव्हती. ते खातं बायकोकडे. ऑफिसची काळी खांद्यावरची तिने आणलेली, प्रवासाची मोठीही तिनेच. भरायची तीच, आणि कुठे काय ठेवलंय ते स्टँडवर निघताना दारातून ओरडून सांगायचीही तीच. तिला जाऊन तीन वर्षं झाली. मोठी बॅग माळ्यावर आहे, ती मी खाली काढली नाही. काढली असती तर आत तिचं काहीतरी सापडलं असतं, आणि मग तो दिवस वाया.

तेव्हा ठरवलं, एकच बॅग घ्यायची, पाठीवरची, सगळ्याला चालेल अशी. रोजचं ऑफिस आहे, महिन्यातून दोन-तीनदा बोदवडकडे फिरती आहे आणि एक शनिवार आड धुळे. धुळ्याला देवपुरात माझी मोठी बहीण राहते. आई लवकर गेली, तिनेच मला वाढवलं. अक्काचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा सुरतेला नोकरीला, त्यामुळे तीही एकटीच.

बाजारातल्या गल्लीत बॅगांचं एक जुनं दुकान आहे. मालकांचे आजोबा राजस्थानातून आले, पण हे गृहस्थ खानदेशी माझ्यापेक्षा फर्डी बोलतात. मी म्हटलं, ऑफिसलाही चालेल आणि प्रवासालाही चालेल अशी दाखवा. ते हसले. म्हणाले, भाऊ, ऑफिसची बॅग टेबलाशेजारी उभी राहायला पाहिजे आणि प्रवासाची गाडीत आडवी पडायला पाहिजे, दोन्ही करणारी शोधावी लागते. मग त्यांनी ढीग लावला. एकीची चेन दुसऱ्याच ओढीला दात सोडायला लागली. दुसरीचा लॅपटॉपचा कप्पा डब्याच्या कप्प्याला चिकटून, म्हणजे शेवभाजीची तर्री सांडली की सरकारी लॅपटॉप गेलाच. तिसरी इतकी झगझगीत की साहेबांपुढे घेऊन बसायची लाज वाटली असती. पाठीला जाळी हवी, असं मीच म्हणालो, कारण जळगावचा मे महिना आणि पाठीला चिकटलेलं रेक्झिन हे ज्याने भोगलंय त्यालाच कळतं.

शेवटी एक राखाडी बॅग पसंत पडली. चेन पूर्ण उघडली की सुटकेससारखी दोन भागांत पसरते, आणि मिटली की सभ्यपणे ताठ उभी राहते. पण दुकानात ती फुगलेली दिसत होती ती आत कोंबलेल्या रद्दीमुळे. मी ती रद्दी काढायला लावली. बॅगेचं पोट लगेच आत गेलं.

मालक म्हणाले, "भरायला घेता कितीची? एका मुक्कामाची का दोन?"

त्यांच्या दुकानात बॅगा अशाच मोजतात, मुक्कामांवर. साधा प्रश्न होता. पण गेल्या दोन वर्षांत मी एकही मुक्काम केला नव्हता. बोदवडहून संध्याकाळच्या गाडीने परत, धुळ्याहून साडेचारच्या बसने परत. रात्र कुठलीही असो, जळगावात पिंप्राळ्याच्या माझ्या खोलीतच काढायची, टीव्ही चालू ठेवून.  मी म्हटलं, एका मुक्कामाची.

आता अक्काचं सांगतो. तिचं घर गल्लीच्या टोकाला आहे आणि ती ओट्यावर बसलेली असते. येणाऱ्याच्या तोंडाकडे ती नंतर बघते, आधी हातातली पिशवी बघते. पिशवी लहान असेल तर चहा. मध्यम असेल तर जेवण. पिशवी मोठी असेल तर गादी उन्हात टाकायची आणि सकाळचा बेत ठरवायचा, हे सगळं पाहुणा दाराशी पोचायच्या आत. माहेरपासूनची तिची ही पद्धत. पाहुण्याला किती राहणार विचारणं म्हणजे कधी जाणार असं विचारणं, असं तिचं म्हणणं. त्यामुळे माझ्या काळ्या बॅगेशी तिचा हिशेब पक्का झाला होता, अकराला यायचं, जेवायचं, साडेचारला सुटायचं.

हे मला चांगलं ठाऊक होतं. तरीही त्या शनिवारी मी राखाडी बॅग भरून नेली. लॅपटॉप होता, डबा होता, आणि खाली एक शर्ट-पँट, लुंगी, टॉवेल, दाढीचं सामान. रक्तदाबाच्या गोळ्या दोन, एक रात्रीची, एक सकाळची. गुरुवारपासून मनाशी चाललं होतं की या वेळी राहायचं. कोणाला सांगितलं नव्हतं. स्वतःलासुद्धा अर्धवटच सांगितलं होतं.

मी ओट्याशी पोचलो तेव्हा अक्का उभी राहिली होती. बॅगेकडे बघून तिच्या तोंडावर जे आलं ते मी फार दिवसांनी बघत होतो. पाय धुवून आत येतो तर तिने गादी गच्चीवर नेलेलीसुद्धा. गुडघे दुखतात म्हणून एरवी ती जिना चढत नाही. शेजारच्या बाईंना ओरडून सांगून झालं होतं की सकाळी खापर मांडायचंय, हाताखाली या. खापरावरची पुरणपोळी म्हणजे आमच्याकडे जावयाचा मान. एकट्या बाईला जमत नाही ते काम, दोघी लागतात. हरभऱ्याची डाळ ताटात घेऊन ती निवडायला बसली आणि मला सुरतेच्या नातवाच्या गोष्टी सांगायला लागली, भराभर, जणू वेळ भरपूर असताना कुणी घाईच करावी.

आणि माझा ऊर भरून आला. भीतीने.

का, तेही सांगून टाकतो. दोन वर्षांपूर्वी भाऊबीजेला मी तिच्याकडे राहिलो होतो. पहाटे जाग आली तर अक्का माझ्या खाटेच्या पायथ्याशी भिंतीला टेकून बसलेली, अंगावर शाल, डोळे लाल. रात्रभर बसली होती हे सांगायला नको. माझी उशी ओली होती आणि घसा कोरडा पडला होता. ती उठली आणि चहा टाकायला गेली. पुढे पिंप्राळ्यात भिंतीपलीकडच्या शेजाऱ्याने एकदा सहज विचारलं, रात्री कोणाशी बोलता हो? तेव्हा उलगडा झाला. मी झोपेत बायकोशी बोलतो. रडतो आणि बोलतो. पन्नाशीच्या माणसाने बहिणीची रात्र अशी नासवावी, याची मला इतकी लाज वाटली की परत मुक्कामाचं नाव काढलं नाही. तिला कारणही कधी सांगितलं नाही.

चारच्या सुमाराला मी म्हटलं, अक्का, साडेचारची गाडी धरतो.

तिचा हात डाळीतच थांबला. मग ती हसली.

"लबाड शे तुनी बॅग," म्हणाली.

मी म्हटलं, उद्या ऑफिसात तपासणी आहे. दुसऱ्या दिवशी रविवार. ते दोघांच्याही लक्षात आलं आणि दोघांनीही तसं दाखवलं नाही.

ती उठली, ज्वारीच्या बिबड्यांची पिशवी घेऊन आली. उन्हाळ्यात केलेले हे पापड ती मला दरवेळी देते. ते मोडतात म्हणून माझ्या हातात देत नाही, स्वतः बॅगेत नीट बसवते. नव्या बॅगेची चेन तिला माहीत नव्हती. तिने ओढली ती पूर्ण उघडली आणि बॅग जमिनीवर दोन भागांत पसरली. लुंगी, टॉवेल, दाढीचं सामान, गोळ्या. दुकानात हीच सोय बघून मी खूश झालो होतो!

अक्काने लुंगी उचलली, मांडीवर घेतली, तिची घडी पुन्हा सारखी केली. बराच वेळ करत राहिली.

"कपडा त लई उना तू." कपडे तर घेऊन आलो होतोच मी. मग माझ्याकडे न बघता, "मनं काय चुकनं, भाऊ?"

तेव्हा बोलायला हवं होतं.  तसं काही नाही गं, असं काहीतरी पुटपुटलो, बॅग बंद केली आणि निघालो. लहानपणी तिने मारलं तरी मी तिच्यापासून असा पळालो नव्हतो. पांझरेच्या पुलावर रिक्षा अडकली तेव्हा वाटलं, बरं झालं, गाडी चुकेल. पण कसलं काय, गाडी उभीच होती.

खिडकीची जागा मिळाली. बॅग मांडीवर घेऊन बसलो. समोरच्या बाकावर एक बाई फोनवर कोणालातरी सांगत होती की पोचतेच, चहा टाक. मला पिंप्राळ्यात चहा टाकणारं कोणी नव्हतं आणि इथे गादी उन्हात घालणारं माझं माणूस होतं, आणि मी तिला गुन्हेगार करून आलो होतो. आता ती गच्चीवरून गादी एकटीने खाली आणेल, हे डोळ्यांपुढे आलं. शेजारच्या बाईंना काय सांगेल? भावाला काम निघालं, मोठा साहेब आहे तो, असं सांगेल. माझ्यासाठी खोटं बोलेल आणि मग रात्रभर आठवत बसेल की कुठल्या शब्दाने, कुठल्या भाजीने भाऊ दुखावला. दोन वर्षं ती हेच करत असणार, हे मला त्या खिडकीत बसल्यावर सुचलं. मी उठलो. कंडक्टर म्हणाला, आता काय झालं? तिकीट फाडलंय. मी म्हटलं, राहू द्या.

गल्लीत शिरलो तेव्हा ऊन उतरलं होतं. अक्का ओट्यावर नव्हती. आत जमिनीवर बसून ताटातली निवडलेली डाळ परत डब्यात भरत होती. गादी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर टेकवून ठेवलेली, तिथवरच तिला आणता आली होती.

तिने मान वर केली. "काय ऱ्हायनं?" तिला वाटलं, मी काहीतरी विसरलो.

मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो, बॅग पाठीवरच होती. "तुझं काही चुकलं नाही, अक्का. मी झोपेत बोलतो. रडतो. मागच्या वेळी तुला रात्रभर जागवलं मी. म्हणून राहत नाही."

ती डाळीच्या डब्याचं झाकण हातात धरून बसली. मला वाटलं, आता तिलाही रडू येणार. आलं नाही.

"माले ठाऊक शे," ती म्हणाली. "त्या रातले कितला तरी दिनमा या घरमा कोनी बोलनं, भाऊ. मी आयकत बठनू."

आणि दोन वर्षं मी समजत होतो, ती माझ्यासाठी जागली.