नाईक सरांचा एका शब्दाचा शेरा

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. माझे भूगोलाच्या वहीच्या मागच्या पानांवर साठले, कारण मी वर्गात बोलत नाही, नुसती बघते. त्यातले बरेचसे इंग्रजीच्या नाईक सरांमुळे घडले. ते प्रगतिपुस्तकात प्रत्येकाला एकच इंग्रजी शब्दाचा शेरा देत, आणि सही करायला पालकांना शाळेत बोलावून त्याचा अर्थही सांगत!

*

मला दरवेळी ‘ओबीडियंट’. सांगितलं की करते ती. म्हणूनच यंदा गॅदरिंगच्या आभारप्रदर्शनाला सरांनी सोमवारी न विचारता माझं नाव घातलं. माझा आवाज दुसऱ्या बाकापर्यंतही पोचत नाही! शनिवारी कार्यक्रमपत्रिकेच्या सायक्लोस्टाईल प्रती निघणार होत्या. त्याआधी ‘नाही’ म्हणायला हवं होतं.

शेजारी बसणारी सिल्विया म्हणाली, “ओबीडियंट म्हणजे बिनपगारी गं!”

*

आगाशीच्या मंगेशला ‘डोसाइल’ मिळालं. सर त्याच्या वडिलांना म्हणाले, “म्हणजे गरीब स्वभावाचा. दावं सोडलं तरी जागेवरून न हलणारा.”

वडील केळीच्या वाडीतून तसेच आले होते. म्हणाले, “सर, गरीब नाही हो. तो तुमच्या तासाला झोपलेला असतो!”

*

पाचूबंदरच्या रमेशला ‘अमीनेबल’. त्याची आई मासळी विकून थेट शाळेत आली होती.

“अमीनेबल म्हणजे समजावून सांगितलं की ऐकणारा,” सर म्हणाले.

“सर, सकाली सातला समजावलंय, पानी भर. हंडा अजून कोरडाच हाय. तुमचा शब्द घरी कवा पोचंल?”



*

एकदा सरांनी वर्गाला विचारलं, “कम्प्लायंट आणि सबमिसिव्ह, फरक काय?”

सिल्विया उठली. “सर, लाल रिबिनी. कम्प्लायंट मुलगी शाळेत बांधते आणि गेटबाहेर पडली की सोडते. सबमिसिव्ह मुलगी त्या बांधूनच झोपते.”

सरांनी ते स्वतःच्या वहीत उतरवून घेतलं. मी हळूच वेणी चाचपली. रिबीन कालचीच होती!

*

शुक्रवारी सायकल स्टँडमागे सिल्वियाने माझी तालीम घेतली.

“मी सर आहे असं समज. माझ्या तोंडावर नाही म्हण.”

“बरं,” मी म्हटलं.

तिने कपाळावर हात मारला. “तुझं काही खरं नाही!”

*

त्याच दिवशी मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत सर एकटेच पेपर तपासत होते. मी टेबलाच्या कडेकडे बघत एका दमात म्हटलं, “सर, मी आभार मानणार नाही. मला स्टेजवर जमत नाही. माझं नाव काढा.”

सरांनी पेन खाली ठेवलं. माझ्याकडे बघितलं. मग यादी ओढून माझ्या नावावर सरळ काट मारली. “बरं,” म्हणाले. एवढंच! सोमवारपासून पहिल्यांदाच भूक लागली.

इतक्यात मुख्याध्यापिका बाई आत आल्या. काट बघून म्हणाल्या, “मग आभार कोण मानणार? नाईक सर, तुम्हीच माना. आणि त्या दिवशी पाहुण्यांना आणायला स्टेशनवरही तुम्हीच जा. खुर्च्यांचंही बघा.”

सर उभे राहिले. “हो बाई. हो. बघतो बाई.”

बाई गेल्या. सरांनी दार नीट लोटलं, माझ्याजवळ आले आणि आवाज उतरवून म्हणाले, “तू मघाशी नक्की काय म्हणालीस? पहिल्यापासून सांग.”