बादलीमामांची शुगर

आमचे बादलीमामा भाताची बादली घेऊन पंगतीत उतरले, की भलेभले जेवणारे पत्रावळीवर पालथे पडत. वाढू नये म्हणून. मामांचं काही अडत नसे. ते पडलेल्याच्या पाठीवर भात वाढत आणि वर वरण ओतत, असं आसगावात सांगतात. पाठीवरचा भात मी काही पाहिलेला नाही, पण हळदीचा डाग पडलेला एक सदरा या डोळ्यांनी पाहिलाय.

मामांचं खरं नाव फक्त रेशनकार्डाला ठाऊक. "नाही म्हणजे काय जी? माणूस लाजून म्हणते नाही. खरा भुकेला तोच!" हा त्यांचा सिद्धांत. दाढ उपटून, तोंडात कापूस धरून आलेल्या एका पाहुण्याला त्यांनी "कापसाच्या बाजूनं जाऊ द्या" म्हणत आख्खी पत्रावळ संपवायला लावली होती. त्या पाहुण्यानं पुढे आमच्या गावात सोयरीकच केली नाही.

स्वतः मामा सगळ्यांच्या शेवटी बसत. तेव्हा त्यांच्यापुढे असा डोंगर उभा राही, की पलीकडची मामी दिसत नसे, नुसता आवाज येई, "पुरे करा नं आता!" धान घरचं, भात घरचा. पोळी हे मामांच्या लेखी तापातून उठलेल्या माणसाचं खाणं.

हळूहळू मामांचं पोट बादलीच्याही पुढे पोचू लागलं. मानेवर काळी घडी पडली. मामीनं ती दगडानं घासली, साबणानं घासली, शेवटी राखेनंही घासली. "आंघोळ करता का नुसतं पाणी पाहून येता जी?" असं विचारूनही झालं. काळं काही निघेना. जेवण झालं की मामा बोलता बोलता घोरत. या कशाचीच त्यांना फिकीर नव्हती. पण तळपायांना मुंग्या येऊ लागल्या आणि मामा पांढरे पडले. त्यांच्या वडिलांचा पाय शुगरपायीच गुडघ्यापासून कापावा लागला होता. आणि इकडे सुमनचं, त्यांच्या एकुलत्या एक पोरीचं, लग्न ठरलं होतं.

"भाचेबुवा," ते मला म्हणाले, "पोरीच्या लगनात मी काय खुर्चीवर बसून राहू?"

मी त्यांना पवनीला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. रक्त तपासलं. शुगर निघाली.

"हे कोणाचं तरी दुसऱ्याचं रगत हाये," मामा म्हणाले. "म्या चायमंदी साखर घेत नाही. अन् भात कधी गोड रायते काय?"

भाताचीच रक्तात साखर होते, हे बाईंनी सांगितलं. इन्सुलिन म्हणजे किल्ली, पेशी म्हणजे कुलूप, आणि कुलूप किल्लीचं ऐकेनासं झालंय, मानेवरचं काळं म्हणजे मळ नाही, त्याचीच खूण, हेही सांगितलं.

"मंग तेल सोडा नं त्याच्यात," मामा म्हणाले.

बाईंनी कपाळाला हात लावला. एवढ्या बोलण्यानं बाई दमल्या असतील, म्हणून मामांनी पिशवीतून डबा काढला आणि टेबलावरच्या बाईंच्या नाश्त्याच्या ताटलीत भात वाढायला लागले. "घ्या जी, लाजू नका." बाईंनी ताटलीवर हात आडवा धरला. मामांनी बोटांच्या फटीतून वाढायला सुरुवात केली.

"काका, थांबा!" बाई ओरडल्याच. "हेच होऊन राहिलंय तुमच्या अंगात! इन्सुलिन म्हणजे वाढपी. पेशी बसल्यात पंगतीला. वर्षानुवर्षं आग्रह झाला, आता त्यांनी असा हात आडवा धरलाय. मग शरीरानं आणखी वाढपी धाडले. तेही आता थकत चालले. भात काही पत्रावळीत पडेना, बादली नुसती रक्तात फिरतेय."

मामांनी चमचा परत डब्यात ठेवला. मग हळूच म्हणाले, "म्हंजे त्या खरंच नाही म्हणून राहिल्या?"

"खरंच."

"लाजून नाही?"

"नाही हो काका."

त्या दिवसापासून मूठभर भात, गोळी आणि रोज पहाटे तलावाच्या पाळीवरून चालणं. मामा इतके चालले, की पाळ हातभर खचली आणि पाटबंधारेवाले मोजमाप घ्यायला आले. निदान मी तरी लोकांना तसंच सांगतो.

लग्नाच्या पंगतीत खरा पेच आला. नवरदेवाचे वडील तुमसरचे तांदळाचे व्यापारी. ते स्वतः बादली घेऊन मामांसमोर उभे राहिले. "इवाईबुवा, आज तुमाले आमच्या हातानं!" व्याह्याला नाही म्हणायचं म्हणजे वरात रुसायची. घास तोंडाशी नेलेले हात तिथेच थांबले. सुमन टाचा उंच करून पाहत होती.

मामांनी पत्रावळीवर हात ठेवला. "नको जी."

"लाजता कायले?"

"लाजत नाही. मले शुगर हाये. माया बापाचा पाय गेला. मले पोरीच्या घरी मायाच पायानं चालत याचं हाये."

नवरदेवाच्या वडिलांनी बादली खाली ठेवली, इकडे-तिकडे पाहिलं, मामांशेजारी फतकल मारली आणि खिशातून गोळ्यांची पट्टी काढली.

"मलेबी हाये," ते कुजबुजले. "पन तांदूळ इकनारा मानूस भात नको म्हणन कोनत्या तोंडानं?"

कुजबुज कसली, शेजारी चालूच राहिलेल्या मंगलाष्टकांच्या माईकवर पोचली! पलीकडच्या काकांनी हात आडवा धरला, मग त्यांच्या पलीकडच्यांनी, मग अख्ख्या ओळीनं. बँडवाल्यानंही धरला. भरली बादली परत आलेली पाहून आचारी झारा घेऊनच धावत आला.

"काहून जी? भात कच्चा रायला काय?"

"भात बराबर शिजला गा," मामा म्हणाले. "कच्चे तं आमी होतो."