टाकीच्या झाकणावरचा शेंदूर

आणीबाणी उठली त्या उन्हाळ्यात माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं. स्थळ राधानगरीकडचं, लग्न त्यांच्या दारात, मुहूर्त साडेबाराचा. आणि मी गाढव सगळ्यांदेखत बोलून बसलो, "आमचं वऱ्हाड आमच्याच ट्रकातनं येणार!"

ट्रक वडिलांचा. ते गेल्यापासून दोन वर्षं शिरोलीत एका गॅरेजमागं उभा. तिथले मिस्त्री वडिलांचे जुने दोस्त, मी त्यांना चाचा म्हणायचो. आम्ही दोघं आठवडाभर त्याच्यामागं लागलो. टाकी उपसली तर तळाला पाणी आणि काळा गाळ. टाकी धुतली, फिल्टर नवा घातला, नळ्या फुंकून साफ केल्या. टाकीचं झाकण तेवढं साफ केलं नाही. वडील दर अमावास्येला त्यावर तेल-शेंदूर लावायचे. ते गेल्यावर आई लावायला लागली. दोन वर्षांत एकही अमावास्या तिनं चुकवली नाही, चांगला जाड थर बसला होता. मी म्हटलं, आईचं आहे, राहू दे. चाचाही म्हणाले, "तुमचा देव हाय, मी कशाला खरडू?"

लग्नादिवशी सकाळी निघालो. मागं चाळीस माणसं नि चाचा, केबिनमध्ये चालवायला मी, शेजारी आई आणि हळद लागलेली बहीण. पाच-सहा मैलांवर ट्रकानं गचके खाल्ले आणि बंद पडला. चाचांनी पंपातली हवा काढली, सुरू झाला. दहा मिनिटांत पुन्हा बंद. पुन्हा तेच. मुलाच्या चुलत्यानं आधीच बजावलं होतं, मुहूर्त चुकला तर आमचा पोरगा बोहल्यावर चढणार न्हाय.

"भाड्याचा ट्रक करूया म्हटलं नव्हतं मी?" मागनं मामा ओरडले.

"मामा, गप बसा की जरा!"

अकरा वाजून गेले. बहीण नुसती माझ्या मनगटावरच्या घड्याळाकडं बघत होती. ते मला सोसेना.

डिझेल तरी आहे का बघायला चाचांनी झाकण धरलं. फिरेना. दोघांनी जोर लावला तेव्हा सुस्स करून टाकीनं हवा आत ओढली. चाचांनी कपाळावर हात मारला. "आरं, झाकणाला बारीक भोक असतंय. डिझेल जाईल तशी त्यातनं हवा आत जाती. शेंदरानं बुजलंय की ते!"

मी चाळीस माणसांपुढं आईच्या अंगावर ओरडलो, "तुझ्या ह्या शेंदरापायी पोरीचं लग्न मोडतंय!"

आई खाली उतरली, अंबाड्यातला आकडा काढून चाचांना दिला, आणि भोक मोकळं झाल्यावर पदरानं सगळं झाकण पुसलं. त्यानंतर ट्रक थेट मांडवापाशीच थांबला. मुहूर्ताला दहा मिनिटं होती.

कान पिळताना माझ्या हाताचं काळं नवरदेवाच्या कानाला लागलं. सगळा मांडव हसला. आई हसली नाही.

पुढच्या अमावास्येला ती शेंदराची वाटी घेऊन ट्रकापाशी आली आणि तशीच उभी राहिली. मला म्हणाली, "भोक कुठं असतंय ते दाव बाबा. माझ्या हातनं पुन्हा नको."

शेंदूर मी पण बघितला होता, मी पण तसाच सोडला होता. तिचं बोट धरून मी भोक दाखवलं. माफी मागायची राहिली, ती राहिलीच.