आधी चिठ्ठी, मग रोग

आमच्या घरात रेफरन्सशिवाय आजारी पडायची सोय नाही. नवरा केंद्र सरकारी अधिकारी. बदल्या होत होत आम्ही कोलकात्यात, गार्डन रीचच्या क्वार्टरमध्ये येऊन पडलो, तरी त्याची श्रद्धा जागची हलली नाही: आधी खात्याच्या दवाखान्याची चिठ्ठी, मग रोग.

त्या सकाळी दाढी करताना त्याच्या डोक्यात मागच्या बाजूला एकदम कळ आली. पाठोपाठ उलट्या. खोली गरगर फिरतेय म्हणून बेसिन घट्ट धरून उभा राहिला.

"अहो, सरळ मोठ्या हॉस्पिटलात जाऊ या," मी म्हटलं.

बेसिनमधून तोंड वर काढून हा म्हणतो, "अगं, ते खात्याच्या पॅनेलवर नाही. रीतसर जाऊ."

मरायलाही हा माणूस अर्ज करील!

दवाखान्यात रीतसर दीड तास बसलो. डॉक्टरांनी त्याला हात वर करायला लावले, दात दाखवायला लावले. दोन्ही हात वर गेले, तोंड वाकडं झालं नाही. म्हणजे अर्धांगवायू नाही. संपलं निदान. "गैस है." ब्लड प्रेशर भलतंच चढलेलं होतं, तर म्हणे उलट्यांमुळे. या शहरात कुणाला काहीही झालं की गॅस. आपल्याकडे त्यालाच पित्त म्हणतात. नवऱ्याला गोळ्यांपेक्षा सहीशिक्क्याचा कागद मिळाल्याचं समाधान.

बाहेर आलो तर तो सारखा डावीकडे झुकत होता. गाडीचं दार उघडायला गेला, तर हात हँडल सोडून बाजूला हवेतच. ऑफिसचा बंगाली ड्रायव्हर म्हणाला, "मैडम, गैस में आदमी टेढ़ा थोड़े ही चलता है," आणि कुणालाही न विचारता त्याने गाडी खिदिरपूरच्या पलीकडच्या एका खाजगी हॉस्पिटलकडे घातली. एवढ्या पदव्यांच्या गर्दीत डोकं वापरलं ते त्याने एकट्याने.

तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी नवऱ्याला आधी स्वतःच्या नाकाला, मग त्यांच्या बोटाला बोट लावायला सांगितलं. जमेना. लगेच स्कॅन. सर्जन म्हणाले, लहान मेंदूत रक्तस्राव झालाय. यात बहुधा हातपाय लुळे पडत नाहीत, तोल जातो, म्हणून लोक फसतात. रक्ताची गाठ मोठी होती. मेंदूतल्या पाण्याची वाट अडली होती, श्वास चालवणाऱ्या भागावर दाब येत होता. मागून कवटी उघडून रक्त काढायचं, आणि तेही आत्ताच. तोवर नवरा हाका मारूनही डोळे उघडेनासा झाला.

माझ्यापुढे संमतीचा कागद आला. आणि जन्मभर या माणसाच्या कागदांना नावं ठेवणारी मी काय म्हणाले?

"रेफरन्स आने तक रुक सकते हैं क्या?"

"हम रुक जाएँगे," सर्जन म्हणाले, "पेशेंट नहीं रुकेगा."

मी सही केली.

तो वाचला. आता काठी घेऊन, पाय फाकवून चालतो, शब्द थोडे ओढतो. भेटायला येणाऱ्या मराठी मंडळींना मात्र अगदी स्पष्ट सांगतो, "हिने क्षणभरही विचार केला नाही. कागद आला, सही केली." सगळे कौतुकाने माझ्याकडे बघतात. मला स्वतःची शिसारी येते, आणि तरीही मी त्याला ते सांगू देते.