बोट बधिर झालं ते वर्ष

हे गिटार वाजवतात. लग्न ठरताना आमच्याकडे एवढंच सांगितलं होतं की मुलगा बँडमध्ये आहे. आम्हाला वाटलं, वरातीच्या. माझ्या वडिलांनी विचारलंसुद्धा, "मग याच्या वरातीला कोण वाजवणार?" सगळे हसले. लग्नानंतर कळलं, यांचा बँड वरातीत जात नाही. चौघं मिळून ब्लूज आणि रॉक वाजवतात. वाइनरीच्या हिरवळीवर, पुण्याला, बंगळूरला. ब्लूज म्हणजे काय ते यांनी मला एकदाच सांगितलं. अमेरिकेत कापसाच्या शेतात राबणारे काळे मजूर गायचे, त्यातून ते आलं. मी चौथी शिकलेली, मला तेवढं पुरलं.

कार्यक्रमाला मी कधी गेले नाही. चारचौघांत बसायला मला जमत नाही. हे घरी वाजवायचे तेव्हा मी विकायचे हार ओवता ओवता ऐकायचे. करंगळीशेजारच्या बोटानं तार वर ढकलली की सूर रडल्यासारखा चढत जायचा. लोक त्या सुरासाठीच यांना बोलवतात, असं यांचा ड्रमवाला मित्र म्हणायचा.

मागच्या पावसाळ्यानंतर डाव्या हाताचं तेच बोट आणि करंगळी बधिर झाली. द्वारका चौकाजवळच्या डॉक्टरांनी सांगितलं, कोपरात नस दबली आहे. ऑपरेशन झालं. जाणीव परत येईल किंवा येणार नाही, वाट बघा, म्हणाले.

आम्ही वाट बघितली. सकाळी चहा झाला की हे हात पुढं करून डोळे मिटायचे. मी हाराच्या सुईचं टोक बोटाला लावायचे.

"लागतंय?"

"टेकव तर आधी."

सुई टेकवलेलीच असायची.

एके दिवशी मी फुलबाजारातून आले तर हे मोरीत बसून भांडी घासत होते. डावा हात यांनी कधी पाण्यात घातला नव्हता. तारांनी बोटांच्या टोकांवर घट्टे पडतात. ते पाण्यानं मऊ झाले की तार कापते. म्हणून अंघोळसुद्धा उजव्या हातानं. सासूबाई म्हणायच्या, "नवसाचा हात हाय तो, पाणी लागलं का इरघळून जाईल." त्या दिवशी त्या दारात नुसत्या बघत उभ्या राहिल्या. यांनी वाजवणं सोडलं, ते आम्हाला असं कळलं. मला रडू वगैरे आलं नाही. फडकं घेतलं आणि भांडी पुसायला लागले.

मग ड्रमवाल्या मित्राचा फोन आला. त्याचा आवाज एवढा मोठा की आम्ही दोघींनी ऐकलं. रविवारी वाइनरीवर कार्यक्रम होता. "तू येतो का दुसरा कोणी घेऊ? संध्याकाळपर्यंत सांग."

"बघतो," हे म्हणाले आणि मोरीकडं निघाले.

"बघतो काय?" सासूबाई म्हणाल्या. "दोन बोटं गेली, बाकीची भाड्यानं दिली का काय?"

हे मोरीत खाली बसले. मी यांच्या हातातला कुकर काढून घेतला.

"राहू द्या. घट्टे जातील."

"गेले कधीच."

"मग पाडा परत."

एवढं मी यांच्याशी कधी बोलले नव्हते. हे उठून आत गेले. बऱ्याच वेळानं गिटार ऐकू आली. सूर चढायचा त्या जागी हे थांबायचे, जागा रिकामी सोडायचे आणि पुढं जायचे. मी ओवत होते. त्या जागेशी माझीही सुई थांबायची. वाईट वाटत होतं असंही नाही.

दिवे लागायच्या वेळी यांनी फोन लावला. "येतो. पण माझा सोलो की-बोर्डवाल्याला दे. मी मागं उभा राहीन."

सासूबाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी फुलांकडं.

रविवारी गिटार पाठीवर घेताना पट्ट्याचं बक्कल यांना लावता येईना. मी लावून दिलं.

"येतेस का?" यांनी विचारलं. असं याआधी कधी विचारलं नव्हतं.

"हार द्यायचेत," मी म्हणाले. खरंच द्यायचे होते.

यांना घेऊन गाडी गल्लीतून वळली. मी टोपली पुढं ओढली. शेवंती सुकायला लागली होती.