नाचणीची भाकरी कोण खात होतं

आमच्या ह्यांना दोनच गोष्टी मनापासून आवडायच्या. एक म्हणजे गाडी चालवणं आणि दुसरी म्हणजे माझ्या हातचं खाणं. नव्वद सालानंतरच्या एका वर्षी, गणपती नुकतेच गेले होते तेव्हा, दुसऱ्या गोष्टीपायी पहिली सुटायची वेळ आली.

हे तळोज्याकडच्या एका कारखान्यात बस चालवायचे. सकाळी पनवेलच्या नाक्यानाक्यांवरून कामगार उचलायचे, संध्याकाळी परत सोडायचे, मधल्या वेळात साहेबांची नाहीतर सामानाची फेरी. कारखान्यात ड्रायव्हर लोकांची वरचेवर तपासणी व्हायची. त्या वेळच्या तपासणीत ह्यांची साखर बरीच वर निघाली. डॉक्टरांनी गोळी सुरू केली आणि स्वच्छ सांगितलं, "तीन महिने देतो. गोळीबरोबर खाणं सुधारा. साखर उतरली तर गाडी तुमची. नाहीतर स्टोअरमध्ये बसावं लागेल."

पगार तोच राहणार होता, त्यामुळे दुसऱ्या कुणाला यात रडण्यासारखं काही दिसलं नसतं. पण हा माणूस सुट्टीच्या दिवशीसुद्धा खुर्चीत बसला की उजवा पाय जमिनीवर दाबायचा. त्यांना स्टोअरमध्ये नट-बोल्टांच्या राशीत बसवायचं म्हणजे पोपटाला टेबलाच्या खणात ठेवण्यासारखं होतं. त्या रात्री हे जेवले नाहीत. लग्नाला चौदा वर्षं झाली होती, आणि हे न जेवता उठल्याचं मी पहिल्यांदाच पाहिलं.

मी घाबरले. आणि घाबरले की मला राग येतो, हा माझा जन्मजात स्वभाव. दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरावर तुटून पडले. डालड्याचा डबा रिकामा करून गॅलरीत नेला आणि त्यात पुदिना लावला. तळणीची कढई माळ्यावर टाकली. तेलाच्या बरणीत एक छोटा चमचा घातला आणि जाहीर केलं की एका भाजीला एवढंच. चहातली साखर गेली, मैदा गेला, बटाटा गेला. दुधी, पडवळ, कारलं, मोड आलेली मटकी, मुळ्याच्या पाल्याची भाजी असली मंडळी घरात राहायला आली. आमच्या मुलीने दोन दिवस तोंड वाकडं केलं. तिसऱ्या दिवशी मी तिला म्हटलं, "बाबांची गाडी गेली तर चालेल का तुला?" त्यानंतर तिने निमूटपणे कारलं खाल्लं, अगदी डोळे मिटून का होईना.

खरी लढाई नाचणीची होती. मला चपात्या यायच्या, पुऱ्या तर अशा यायच्या की शेजारणी बघायला यायच्या. पण भाकरी हा माझा प्रांत नव्हे. पहिली भाकरी तव्यावर टाकेपर्यंत तिचे चार तुकडे झाले. दुसरी हाताला चिकटून बसली. आमच्या नवीन पनवेलच्या बिल्डिंगमध्ये भिंती एवढ्या पातळ की माझी थापाथाप ऐकून खालच्या मजल्यावरच्या बाईंनी वर येऊन विचारलं, "काय ठोकताय हो?" मी सांगितलं, "नशीब." शेवटी गिरणीत भेटलेल्या एका म्हाताऱ्या बाईंनी सांगितलं की पीठ आधी गरम पाण्यात उकडून घ्यायचं, मग मळायचं. त्या दिवसापासून भाकरी भाकरीसारखी दिसू लागली, आणि मी तिच्याकडे कौतुकाने बघत बसू लागले.

ह्यांचा डबा तीन पुडांचा. एका पुडात नाचणीच्या दोन भाकऱ्या, एकात पालेभाजी, एकात उसळ किंवा कोशिंबीर. संध्याकाळी डबा घरी यायचा तो चाटूनपुसून स्वच्छ. मी विचारायचे, "संपला का हो सगळा?" हे म्हणायचे, "संपला." ह्यांना खोटं बोलता येत नाही. अर्धंच खरं मात्र छान बोलता येतं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

महिन्याने साखर पुन्हा तपासली. होती तिथेच होती, तसूभरही हलली नव्हती. उलट माझंच वजन कमी झालं होतं आणि ब्लाउज सैल झाले होते. मी तरातरा लॅबमध्ये गेले आणि तिथल्या माणसाला म्हटलं, "तुम्ही दुसऱ्या कुणाचं रक्त तपासलंय." तो बिचारा म्हणाला, "बाई, बाटलीवर नाव आहे." मी म्हटलं, "मग नाव चुकीचं घातलं असेल." त्याने पुन्हा तपासून दिलं, पैसेही घेतले नाहीत. आकडा तोच आला. घरी येताना मला रडू फुटलं. दोन महिने उरले होते आणि आता आणखी काय सोडायचं ते मला कळेना.

त्याच रविवारी सकाळी बेल वाजली. दारात ह्यांच्याबरोबरचे दुसरे ड्रायव्हर उभे होते. ते नेऱ्याकडच्या एका गावातले, शेतकरी घरातले, चांगले उंचेपुरे. हातात पिशवी, पिशवीत नाचणी आणि लांबलचक पडवळं. बसायच्या आधीच ते म्हणाले, "वयनी, तुमच्या पाया पडायला आलोय. माझा बीपी उतारला. डाक्टर इचारतो, काय करतोस? मी बोललो, आमच्या वयनींची नाचनीची भाकरी खातोय महिनाभर, ती पन रोज."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे पंख्याकडे पाहत होते.

"रोज?" मी विचारलं.

"रोज! ती पालेभाजी पन. कोन सोडतोय? आमी चौघं तुटून पडतो."

मग सगळं बाहेर आलं. कारखान्यात ह्यांच्यासकट पाच जण, कुणी ड्रायव्हर, कुणी फिटर, दुपारी शेडमध्ये एकत्र जेवायला बसत. मध्ये वर्तमानपत्र अंथरायचं, पाचही डबे त्यावर उघडायचे आणि ज्याला जे आवडेल ते त्याने घ्यायचं. आपला डबा आपणच खायचा म्हणजे तिथे कंजूसपणा. इतक्या वर्षांचा रिवाज. तेव्हा माझी भाकरी त्या चौघांच्या पोटात जात होती, आणि आमचे हे चौघांच्या डब्यांतल्या पुऱ्या, बटाट्याची पिवळी भाजी, भजी आणि शिरा खात होते. मी पहाटे उठून त्या शेडचं आरोग्य सुधारत होते!

पाहुणे चहा पिऊन गेल्यावर मी जे बोलले ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. त्या चौघांना खादाड, अधाशी, आयत्या बिळावरचे नागोबा असं सगळं म्हणून झालं. शेवटी म्हटलं, "उद्यापासून तुम्ही वेगळे बसून जेवा."

हे एरवी माझ्यापुढे बोलत नाहीत. त्या दिवशी बोलले. "ते जमणार नाही."

"गाडी जाईल तुमची."

"जाऊ दे. पण त्यांच्याकडे पाठ करून मी जेवणार नाही."

आता बोला! गाडी हवी, मित्र हवेत, साखरही उतरायला हवी. मी दोन दिवस अबोला धरला. अबोल्यात माझं डोकं चांगलं चालतं. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की ह्यांचा डबा बदलून काही उपयोगच नाही, तो तर हे खातच नाहीत. बदलायचे तर बाकीचे चार डबे बदलायला हवेत. आणि डबे पुरुष भरत नाहीत.

पुढच्या रविवारी मुलीला घेऊन मी एस.टी.ने नेऱ्याकडे गेले. त्या ड्रायव्हरभाऊंचं घर डोंगराच्या पायथ्याशी, पुढे भाताचं खाचर, मागे पडवळाचा मांडव. त्यांची बायको चुलीपुढे बसून भाकऱ्या थापत होती. नाचणीच्या! एका हाताने गरागरा फिरवत, बोलता बोलता, काठाला एक चीर नाही. शेजारी वालाचं बिरडं रटरटत होतं. तिने आम्हाला न विचारता ताटं वाढली. मी कधी नव्हे ती तीन भाकऱ्या खाल्ल्या, आणि माझ्या मुलीने दोन.

मग मी विचारलं, "वहिनी, घरात तुम्ही इतकं छान करता. मग डब्यात पुऱ्या आणि भजी का देता?"

ती एकदम खाली बघू लागली. मग म्हणाली, "राग नाय ना यायचा? पयल्यांदा भाकरीच दिली व्हती. लई वर्सं झाली. तशीच्या तशी परत आली. आमचे हे बोलले, आज सगल्यांनी तुमच्या पुऱ्या खाल्ल्या, भाकरीला कोनी हात नाय लावला. मला लाज वाटली. तुमच्या डब्यापुढं आमच्या भाकरीला कोन इचारतोय? तवापासून पाचला उठून पुऱ्या तलते. बाकीच्या तिघी पन तशाच. आमाला घरात पुरी आवडत पन नाय."

मला आठवत होतं सगळं. हे सुरुवातीला घरी येऊन सांगायचे, "आज तुझ्या पुऱ्यांवर उड्या पडल्या." मग मी दुसऱ्या दिवशी आणखी आठ पुऱ्या जास्त द्यायचे. कधी शिरा, कधी भजी, कधी साखरभात. चार घरांतल्या बायका माझी बरोबरी करायला पहाटे उठून तळण काढत होत्या, आणि मी इकडे माझ्या हाताच्या चवीचे पोवाडे ऐकत खूश होते. ह्यांची साखर त्या चौघांनी वाढवली असं मी घरभर ओरडले होते. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच.

मी तिला सगळं सांगितलं. साखर, तीन महिन्यांची मुदत, स्टोअर, आणि माझ्या पुऱ्यांचा माज, तोसुद्धा. ऐकताना ती आधी गंभीर झाली आणि मग पदर तोंडाला लावून हसत सुटली. "म्हंजे इतकी वर्सं मी उगाच उठते पाचला?"

"उद्यापासून जे घरात खाता तेच द्या," मी म्हटलं. "आणि मला भाकरी शिकवा."

बाकीच्या तिघींकडे मला जावंच लागलं नाही. पनवेलच्या बाजारात नेऱ्याच्या वहिनींची आणि त्यांची गाठ पडायचीच. तिथे भाजी घेता घेता हिने काय सांगितलं ते तिलाच माहीत, पण आठवडा संपायच्या आत शेडमधल्या वर्तमानपत्रावर पाच डब्यांतून भाकऱ्या निघाल्या. नाचणीच्या, ज्वारीच्या, एक तांदळाची. वाल, चवळी, माठ, उरणकडच्या फिटरच्या डब्यात सुक्या जवळ्याची चटणी. हे सांगत होते की फिटर सगळे डबे न्याहाळून वैतागला आणि म्हणाला, "आज कोनाचा उपास हाय का काय?" पण जेवला सगळ्यांत जास्त तोच. मग आपला डबा, दुसऱ्याचा डबा, हा प्रश्नच उरला नाही. हात कुठेही गेला तरी पोटात बरंच जायचं.

दिवाळीची मला धास्ती होती. पण त्या पाच जणांनी आपणहून ठरवलं की फराळ एकाच घरचा आणायचा, आणि माणशी एक चकली, एक लाडू. आमचे हे आपला लाडू फिटरला द्यायचे. त्याला कसला आजार नव्हता, त्याचं वजन तेवढं वाढलं. संध्याकाळी आम्ही दोघं सेक्टरच्या रुंद, मोकळ्या रस्त्यांवर फिरायला जायचो. हे चालतानासुद्धा वळणावर हाताने इशारा करायचे. मी कधी हसायचे, कधी चिडायचे. दुसऱ्या महिन्यात साखर थोडी उतरली. मी लॅबमधल्या माणसाला पेढे नाही, पण शेंगदाणे नेऊन दिले आणि माफी मागितली.

मग तिसऱ्या महिन्याची कारखान्यातली तपासणी आली. त्या सकाळी मी भरलेला डबा दोनदा उघडून पाहिला. दिवसभर मी चार वेळा ओटा पुसला. संध्याकाळी हे नेहमीच्या वेळेला आले, चपला काढल्या, पाणी प्यायले. मला विचारायचं धाडस होईना. शेवटी तेच म्हणाले, "गाडी राहिली."

मी हातातलं फडकं ओट्यावर टाकलं. मग भांडायच्याच सुरात म्हटलं, "मग आल्या आल्या सांगायला काय झालं होतं?"

मग हे सांगू लागले. डॉक्टर उशिरा आले होते. ह्यांचा नंबर लागेपर्यंत जेवणाची सुट्टी संपून गेली, भोंगा झाला. हे तीनच्या पुढे बाहेर आले ते सरळ शेडकडे गेले, आपला डबा एकट्याने खावा म्हणून. तर कोपऱ्यात वर्तमानपत्र अंथरलेलं होतं आणि त्यावर पाचही डबे तसेच झाकण लावलेले. चौघं जण सुट्टीभर त्याभोवती बसून राहिले होते आणि भोंगा झाल्यावर उपाशीच कामाला गेले होते. हे आलेले बघून एकेक जण पाच मिनिटांची सवड काढून आला. नेऱ्याच्या ड्रायव्हरभाऊंनी फक्त विचारलं, "काय झाला?" ह्यांनी 'राहिली' अशी मान डोलावली. मग डबे उघडले. भाकऱ्या पार कडक झाल्या होत्या.

"मला घास गिळवेना गं," हे म्हणाले.

मी स्वयंपाकघरात गेले आणि दार लोटून घेतलं. ह्यांची गाडी राहिली याचा आनंद झालाच होता. पण मी रडले ती त्या चार खादाड, अधाशी माणसांसाठी. भर दुपारी पाच डबे समोर होते, आणि त्यांतल्या एकानेही हात लावला नव्हता.